शिडीची लांबी ते पाण्याचे वजन : खिडक्या पुसणाऱ्याच्या गाडीचा इतिहास

१/
गाड्यांचा इतिहास म्हटला की रथ, तोफगाडे आणि आगगाडी डोळ्यांपुढे येतात. आजचा धागा एका साध्या गाडीविषयी आहे. इंग्लंडमधल्या कोणत्याही उपनगरात सकाळी एक पांढरी व्हॅन उभी दिसते. आत प्लास्टिकची मोठी टाकी, नळीचे रीळ, एक छोटा पंप, छतावर लांब दांडे. ही खिडक्या पुसणाऱ्याची गाडी. ती अशीच का सजवली जाते, याचे उत्तर शोधू लागलो की आपण थेट १६९६ सालापर्यंत मागे जातो.

२/
धाग्याचे सूत्र आधीच सांगतो. प्रत्येक काळात या कारागिराने गाडी निवडली ती आपल्या सामानातील सर्वांत अडचणीच्या वस्तूकडे पाहून. जवळजवळ शंभर वर्षे ती वस्तू शिडी होती आणि अडचण तिच्या लांबीची होती. आज ती वस्तू पाणी आहे आणि अडचण त्याच्या वजनाची आहे. शिडीपासून पाण्याकडे झालेल्या या प्रवासामागे एकच प्रश्न उभा आहे : दुसऱ्याच्या घरात स्वच्छ उजेड यावा म्हणून कोणाचा जीव किती धोक्यात घालायचा?

३/
प्रथम खिडकीकडे पाहू. १६९६ साली तिसऱ्या विल्यमच्या राजवटीत इंग्लंडमध्ये खिडक्यांवर कर बसला. घरामागे ठरावीक रक्कम आणि दहापेक्षा अधिक खिडक्या असल्यास वाढीव आकारणी, असे त्याचे मूळ रूप होते. खिडक्या बाहेरून मोजता येतात, त्यासाठी घरात शिरून झडती घ्यावी लागत नाही, ही सरकारची सोय. लोकांनीही आपली सोय पाहिली आणि खिडक्या विटांनी बुजवल्या. कर श्रीमंतांना डोळ्यांपुढे ठेवून आखला होता. अंधार मात्र शहरांतल्या दाटीच्या इमारतींत राहणाऱ्या गरीब भाडेकरूंच्या वाट्याला आला. बुजवलेल्या खिडक्या ब्रिटनमधल्या जुन्या घरांवर आजही दिसतात.

४/
काचेवरचा अबकारी कर १८४५ मध्ये रद्द झाला आणि खिडक्यांवरचा १८५१ मध्ये. त्याच १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये जोसेफ पॅक्स्टनचा क्रिस्टल पॅलेस उभा राहिला. त्याच्या छतावर काचा बसवणाऱ्यांसाठी खास गाड्या केल्या होत्या. या गाड्यांची चाके छताच्या पन्हळींवरून धावत आणि वर कापडाचे आच्छादन असल्याने पावसातही काम चाले. एका आठवड्यात सुमारे ८० माणसांनी १८,००० हून अधिक तावदाने बसवली. कामासाठी गाडी निवडणे आणि ती कामाला साजेशी सजवणे म्हणजे काय, याचे इतके नेटके उदाहरण त्या शतकात क्वचितच सापडेल. नवी गाडी काचेच्या मागोमाग आली, हे आपण लक्षात ठेवू.

५/
काचा वाढल्या, की त्या पुसणारे हात लागतात. घरांमध्ये हे काम बहुधा मोलकरणींवर पडे. खिडकीतून बाहेर येऊन, बाहेरच्या अरुंद कट्ट्यावर उभे राहून किंवा बसून त्या काचा पुसत. खाली फरसबंदी रस्ता. १८४७ च्या ‘टाउन पोलीस क्लॉजेस ॲक्ट’च्या २८व्या कलमात एक तरतूद आहे : आपल्या नोकराला बाहेरून खिडकी पुसण्यासाठी किंवा रंगवण्यासाठी तिच्या कट्ट्यावर उभे राहण्याचा हुकूम देणाऱ्याला, किंवा तशी मुभा देणाऱ्याला, ४० शिलिंगांपर्यंत दंड. तळघराच्या खिडक्यांना तेवढी सूट.

६/
कायद्याचा मजकूर वाचताना आजूबाजूच्या ओळीही वाचाव्यात. याच कलमात रस्त्यावर पतंग उडवणे, सतरंज्या झटकणे आणि बर्फावर घसरगुंडी करणे हेही गुन्हे आहेत. कलमाचा आरंभ रहिवाशांना आणि वाटसरूंना होणारा अडथळा, उपद्रव आणि धोका यांविषयी आहे. म्हणजे कायद्याची एक नजर कट्ट्यावरच्या बाईवर होती, तर दुसरी ती ज्याच्या डोक्यावर पडेल त्या पादचाऱ्यावर. तरीही एक गोष्ट मोलाची : दंड बसणार तो हुकूम सोडणाऱ्याला. हा मुद्दा धाग्याच्या शेवटी पुन्हा लागेल.

७/
पुढे हे काम घराबाहेरच्या कारागिराकडे गेले आणि त्याच्याबरोबर शिडी आली. लाकडी शिडी, बादली, मऊ चामड्याचा तुकडा, फडकी, एवढाच संसार. याचे वजन फारसे नसे, पण शिडी लांब असे. ती खांद्यावर घेऊन दिवसभर चालणे कष्टाचे, म्हणून हातगाडी आली. शिडी आडवी टाकायची, बादल्या अडकवायच्या आणि ढकलत निघायचे. या धंद्यात गिऱ्हाइकांच्या ठरलेल्या फेरीला महत्त्व असते. घरे ठरलेली, वार ठरलेले. हातगाडीच्या काळात फेरीचा परीघ पायांनी ठरवला. दोन-चार गल्ल्या हेच साम्राज्य.

८/
१८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीची ‘रोव्हर’ सायकल आली, १८८८ मध्ये डनलॉपची हवा भरलेली धाव आली आणि पुढच्या काही दशकांत सायकल कारागिराच्या आवाक्यात उतरली. खांद्यावर शिडी, हँडलला बादली आणि पायाखाली पेडल, ही आकृती ब्रिटिश रस्त्यांवर ओळखीची झाली. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेल्यावर स्त्रियांनी हे काम हाती घेतले. शिड्या आणि बादल्या घेऊन निघालेल्या त्या स्त्रियांची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. सायकलने फेरी लांबवली, पण भार तोच राहिला आणि शिडीवर चढणेही टळले नाही.

९/
१९३६ हे या धंद्यातले गमतीचे वर्ष. त्या वर्षी इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉर्म्बीचे खिडक्या पुसणाऱ्यावरचे विनोदी गाणे चित्रपटातून घरोघरी पोचले. त्याच वर्षी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील ऑकलंडमध्ये, इटलीहून आलेल्या एट्टोरे स्टेकोने या कारागिराने एकाच रबरी पट्टीची हलकी पितळी स्क्वीजी तयार केली. आधीची अवजारे जड होती आणि रबर बदलायला पुष्कळ स्क्रू सोडवावे लागत. आजही काच निपटण्याचे हातातले अवजार मूलतः तेच आहे. हात हलका झाला; मात्र तो हात अजूनही शिडीच्या वरच्या पायरीवर होता.

१०/
दुसऱ्या महायुद्धानंतर मोटार आली आणि सोबत एक विलक्षण योगायोग. १९४० पासून ब्रिटनमध्ये ‘पर्चेस टॅक्स’ हा खरेदीकर होता. खासगी मोटारीला तो लागे. मालवाहू व्हॅनला लागत नसे. दोहोंतला फरक ओळखण्याची एक खूण अशी की चालकाच्या मागे बाजूच्या खिडक्या नसाव्यात. १९६० मध्ये आलेली ‘मिनी’ची व्हॅन खपली, त्यात या सवलतीचा मोठा वाटा होता. खिडक्यांवरचा कर जाऊन शंभर वर्षे लोटली होती. आणि खिडक्या पुसणाराच आता बिनखिडक्यांच्या गाडीत बसून कर वाचवत होता! १९७३ मध्ये ‘व्हॅट’ आल्यावर हा खरेदीकर संपला.

११/
या काळातली गाडी सजवणे म्हणजे मुख्यतः छत सजवणे. लांब शिडी आत मावत नाही, म्हणून छतावर लोखंडी कॅरियर आणि शिडी आवळणारे, कुलूप लागणारे पकड-पट्टे. आत बादल्या, फडकी, स्क्वीजी आणि एखादी जेवणाची पिशवी. ॲल्युमिनियमच्या शिड्यांनी वजन आणखी घटवले. मिनी व्हॅनची भारक्षमता पाव टन होती आणि या सामानाला ती पुरून उरे. गिऱ्हाइकाच्या नळावर बादली भरून मिळे. पाणी गाडीतून वाहून नेण्याचा प्रश्नच नव्हता. १९५९ मध्ये पिल्किंग्टन कंपनीने फ्लोट काचेची पद्धत जाहीर केली आणि काचा अधिक रुंद, अधिक सपाट होत गेल्या. काम वाढले, शिडीवरचे तासही वाढले.

१२/
निर्णायक वळण आले ६ एप्रिल २००५ रोजी. त्या दिवशी ब्रिटनमध्ये उंचीवरील कामाचे नियम लागू झाले. या नियमांनी शिडीवर बंदी घातली, असे अनेकदा सांगितले जाते. ते खरे नाही. धोका कमी आणि काम थोड्या वेळाचे असेल, तर शिडी आजही चालते. नियमांनी एक क्रम घालून दिला : जमिनीवरून करता येणारे काम उंचीवर करू नका, उंचीवर जाणे अटळच असेल, तर पडणे रोखा, तेही शक्य नसेल, तर पडल्यावर होणारी इजा कमी करा. पहिली पायरीच महत्त्वाची. जमिनीवरून काच पुसता येते का, हा प्रश्न आता कायद्याने विचारला.

१३/
उत्तर हाताशी होते. लांब दांडा, टोकाला ब्रश आणि दांड्यातून चढणारे शुद्ध पाणी. कार्बन फायबरचे हलके दांडे वापरून जमिनीवर उभा राहिलेला माणूस चौथ्या मजल्यापर्यंत पोचू शकतो. मात्र तिथे स्क्वीजी फिरवता येत नाही. काच धुऊन तशीच वाळू द्यावी लागते. साधे पाणी वाळले की त्यातले क्षार पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने मागे उरतात. म्हणून पाण्यातले विरघळलेले क्षार जवळपास शून्यावर आणावे लागतात. असे पाणी गिऱ्हाइकाच्या नळाला येत नाही. कारागिराने ते सोबत आणायचे. इथे शिडी मागे पडली आणि गाडीत पाणी चढले.

१४/
गाडीच्या पोटात काय बसवायचे, हे मग भूगर्भाने ठरवले. आग्नेय इंग्लंड चुनखडी आणि खडूच्या खडकांवर वसला आहे. लंडनचे पाणी जड आहे. तिथे आधी ‘रिव्हर्स ऑस्मॉसिस’चे पडदे आणि नंतर उरलेले क्षार शोषणारे रेझिन, अशी दुहेरी गाळणी लागते. स्कॉटलंड आणि वेल्सच्या पुष्कळ भागांत पाणी मुळातच मृदू; तिथे अनेकदा नुसत्या रेझिनवर भागते. ऑस्मॉसिसमध्ये बरेच पाणी वायाही जाते, म्हणून काही जण ही यंत्रणा घरी बसवून रात्री टाकी भरतात आणि सकाळी तयार पाणी घेऊन निघतात. त्यामुळे गाडीतली जागा आणि वजन दोन्ही वाचते.

१५/
आता प्रत्यक्ष निवड. पहिला प्रश्न गाडीच्या कंपनीचा नसतो, लिटरांचा असतो. मिनिटाला दीड लिटर पाणी जाते आणि दिवसात प्रत्यक्ष चार तास ब्रश चालतो असे धरले, तर ३६० लिटर लागतात. दोघे काम करणार असतील, तर दुप्पट. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शाळेतले गणित इथे फार कठोर होते. पखालीतून पाणी वाहणाऱ्या आपल्याकडच्या भिस्त्यांना ते खांद्याने कळत असे. व्हॅनच्या मालकाला ते कागदावर मांडून पाहावे लागते.

१६/
समजा, व्हॅनची भारक्षमता ९०० किलो आहे. त्यातून चालकाचे ८५, रिकामी टाकी आणि तिचा सांगाडा १२०, रीळ, नळी, पंप आणि बॅटरी मिळून ६०, दांडे, ब्रश आणि गाळणी ६० असे वजा केले, की उरतात ५७५ किलो. म्हणजे ५०० लिटरची टाकी बसते. ६५० लिटरची ‘जागा आहे’ म्हणून बसवली, तर गाडी कायद्याने जादा भाराची ठरते आणि ब्रेक लागायलाही अधिक अंतर लागते. पोकळी मोठी म्हणून ताकदही मोठी, हा भ्रम या धंद्यात महाग पडतो. १९६० ची मिनी व्हॅन इतक्या पाण्याच्या भाराला पुरी पडली नसती.

१७/
दुसरा प्रश्न जागेचा. टाकी शक्य तितकी खाली, चालकाच्या मागच्या भिंतीलगत आणि दोन्ही आसांच्या दरम्यान असावी. ती अगदी मागे ठेवली, तर पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू सैल पडते. पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा अर्धी टाकी अधिक खोडसाळ असते : वळणावर पाणी एका बाजूला धावते आणि गाडीला सोबत ओढते. म्हणून टाकीच्या आत आडपडदे असतात. ते लाट मोडतात. बाकी मांडणी सोपी आहे. नळीचे रीळ मागच्या दाराशी, १२ व्होल्टचा पंप आणि त्याची स्वतंत्र बॅटरी कोरड्या कोपऱ्यात, आणि हिवाळ्यात गोठण्यापासून नळ्या व पडदे वाचवण्याची सोय.

१८/
तिसरा प्रश्न जिवाचा. ताशी ४८ किलोमीटर, म्हणजे ब्रिटिश शहरांतल्या नेहमीच्या ३० मैलांच्या मर्यादेत, व्हॅन धडकली आणि अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, असे समजू. मागचे ५०० किलो पाणी तेवढ्याच अंतरात थांबवायला सरासरी सुमारे ९ टन वजनाइतका जोर लागतो. सामान बांधण्याचे कापडी पट्टे किंवा लाकडी फळीवरचे चार स्क्रू एवढा जोर पेलू शकत नाहीत. म्हणून टाकीभोवती पोलादी सांगाडा असतो आणि तो गाडीच्या मूळ सांगाड्याला आरपार बोल्टने जखडतात. या धंद्यात धडक-चाचणी झालेले सांगाडे विकत मिळतात. ते महाग असतात आणि खर्चाला कात्री लावताना नवख्या माणसाची नजर आधी तिथेच जाते.

१९/
इथे इतिहासाचा खरा धडा येतो. २००५ नंतर धोका नाहीसा झाला असे म्हणता येत नाही. त्याने जागा बदलली. तो कट्ट्यावरून शिडीवर गेला होता, शिडीवरून आता चालकाच्या पाठीमागे येऊन बसला आहे. शिडीवरचा धोका दिसत असे; रस्त्यावरचा माणूसही मान वर करून ‘सांभाळून’ म्हणत असे. टाकीचा धोका बंद दारांआड असतो. पडण्याचे भय गेले म्हणून निर्धास्त झालेला माणूस अर्धा टन पाणी पाठीशी घेऊन वेगाने जात असतो. कोणत्याही सुधारणेचा इतिहास लिहिताना ‘कोणता धोका गेला’ याच्याबरोबर ‘तो कुठे गेला’ हेही विचारावे.

२०/
आज या निवडीत नवे घटक शिरले आहेत. लंडनचे अतिअल्प उत्सर्जन क्षेत्र ८ एप्रिल २०१९ रोजी सुरू झाले आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या लंडनभर पसरले. जुन्या डिझेल व्हॅनला तिथे दिवसाला साडेबारा पौंड मोजावे लागतात. इलेक्ट्रिक व्हॅन घ्यावी, तर बॅटरीच स्वतः जड. तिचे वजन पाण्याच्या हिश्शातून वजा होऊ शकते. कर, काच, खडक, कायदा आणि हवा, हे सारे एका छोट्या धंद्याच्या गाडीत असे एकत्र नांदते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दप्तरातल्या कागदाइतकेच अशा गाडीचे पोटही वाचता आले पाहिजे.

२१/
शेवटी १८४७ च्या त्या कलमाकडे येऊ. त्यात दोन माणसे वेगळी होती : हुकूम देणारा आणि कट्ट्यावर उभा राहणारा. दंड पहिल्याला होता. आज ब्रिटनमध्ये हा धंदा पुष्कळदा एकट्या माणसाचा असतो. मालक तोच, नोकर तोच. केवढी टाकी घ्यायची, ती कशाने जखडायची आणि किती पैसे वाचवायचे, हे सकाळी मालक ठरवतो, आणि दिवसभर त्याच टाकीपुढे नोकर बसतो. स्वतःला कट्ट्यावर उभे राहण्याचा हुकूम देणाऱ्याला दंड करणारे कोणी नसते. म्हणून त्या पांढऱ्या व्हॅनमधले पोलादी बोल्ट मला १८४७ च्या कायद्याचे वारस वाटतात. फरक इतकाच की हा कायदा मालकाने स्वतःच, स्वतःच्या खर्चाने, स्वतःवर लागू करायचा असतो.

धागा समाप्त. तुमच्या गावात एखाद्या धंद्याची गाडी त्या धंद्याच्या गरजेतून घडलेली पाहिली असेल, तर खाली जरूर लिहा. सोबत ती नेमके कोणते ओझे वाहते, हेही लिहा.